युद्धवार्तेची शब्दयोजना : वढू बुद्रुकचा प्रसंग आणि अरबी वृत्तभाषा

१

अरबी भाषेतील आंतरराष्ट्रीय वृत्तप्रसारणाविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते, त्यात 'पक्षपात' हा शब्द वारंवार येतो. परंतु तो पक्षपात भाषेच्या कोणत्या अंगात वसतो, ह्याची चिकित्सा क्वचितच होते. युद्धाची बातमी खोटी असणे ही एक गोष्ट. ती खरी असून एका पक्षाच्या शब्दांत सांगितलेली असणे ही दुसरी. ह्या दोहोंची गल्लत झाली, की टीकाकार कठोर विशेषण पाहून बातमी खोटी ठरवितो आणि सौम्य शब्द पाहून ती खरी मानतो. हे दोन्ही निष्कर्ष सारखेच अविश्वसनीय आहेत. शब्दांचा पक्षपात आणि तथ्यांचा विपर्यास ह्यांची परीक्षा वेगवेगळी केली पाहिजे, हे दाखविण्यास महाराष्ट्रातीलच एक प्रसंग उपयोगी पडतो. त्याचे स्थान पुणे जिल्ह्यातील, शिरूर तालुक्यातील, भीमाकाठचे वढू बुद्रुक हे होय.

अरबी वृत्तभाषेचा विचार करताना वढूकडे वळणे प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. परंतु 'खबर' आणि तिचे अनेकवचन 'अखबार' हे शब्द मुळात अरबीच आहेत. फारसीच्या द्वारा ते दक्षिणेत आले. मोगल दरबारात रोज घडणाऱ्या गोष्टी नोंदवून ठिकठिकाणी पाठविल्या जाणाऱ्या बातमीपत्रांस 'अखबारात' हेच नाव होते. शिवकालीन राज्यव्यवस्थेतील 'वाकनीस' हा अधिकारीही 'वाकिआ', म्हणजे घडलेली गोष्ट, ह्या अरबी शब्दावरून आपले नाव घेतो. लढाईची बातमी लिहिण्याची, शत्रूस नाव देण्याची आणि मृतास गौरविण्याची अथवा निंदिण्याची जी परिभाषा सतराव्या शतकात दक्षिणेत वावरत होती, तिचा मोठा भाग अशा रीतीने अरबी शब्दसंग्रहातून आलेला होता. आजच्या अरबी वृत्तनिवेदकाची परिभाषा आणि ती परिभाषा ह्या एकाच कुळातील आहेत.

२

प्रसंग सर्वश्रुत आहे. १६८९ च्या फेब्रुवारीच्या आरंभी संगमेश्वर येथे मुकर्रबखानाने संभाजीमहाराजांस व कवी कलशास कैद केले. त्यांना बादशहाच्या छावणीत नेऊन त्यांची विटंबना करण्यात आली, आणि ११ मार्च १६८९ रोजी तुळापूर-वढूच्या परिसरात त्यांचा वध झाला. मुकर्रबखानास 'खानजमान' हा किताब मिळाला. तथ्यांचा हा सांगाडा मोगल व मराठे ह्या दोन्ही पक्षांच्या साधनांतून थोड्याफार फरकाने मिळतो. जे बदलते ते त्या सांगाड्यावरचे शब्द.

सर्वांत आधी नाव घ्यावे. फारसी तवारिखांत 'संभा' असे आदरवाचक 'जी' वगळून लिहिलेले नाव आढळते. 'शिवा' ह्याचीही तीच गत आहे. नावातील एक अक्षर गळाले, की राजा बंडखोर होतो. आणि बंडखोर ठरला, की त्याचा वध हा युद्धातील प्रसंग न राहता शासनाचा प्रसंग होतो. उलट मराठीत हा प्रश्न व्याकरणाच्याच पातळीवर उभा राहतो. मराठी क्रियापदाला एकवचन आणि आदरार्थी बहुवचन ह्यांतून एकाची निवड करावीच लागते. 'संभाजी पकडला गेला' आणि 'संभाजीमहाराज पकडले गेले' ह्यांच्या मधली तटस्थ जागा मराठीत नाही. प्रस्तुत विवेचनातही आदरार्थी बहुवचनच योजलेले आहे, आणि औरंगजेबासाठी एकवचन. हा पक्ष लपविण्याचे कारण नाही. तो ओळखता आला म्हणजे पुरे.

दुसरे उदाहरण 'गनीम' ह्या शब्दाचे. अरबीत लूट मिळविण्याच्या अर्थाचा जो धातू आहे, त्यापासून हा शब्द साधला आहे. फारसीत त्यास शत्रू, लुटारू असा अर्थ आला आणि मोगल लेखकांनी तो मराठ्यांस, बहुधा एखादे हीनत्वदर्शक विशेषण जोडून, सर्रास लाविला. त्याच काळच्या मराठीने तोच शब्द शत्रू ह्या अर्थी उचलला. पुढे गंमत अशी झाली, की 'गनिमी कावा' हे मराठ्यांच्याच युद्धपद्धतीचे अभिमानाचे नाव झाले. शत्रूने ठेवलेले नाव स्वतःच्या छातीवर मिरविण्याचा हा प्रकार भाषेच्या इतिहासात अपूर्व नसला, तरी त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. युद्धवार्तेतील शब्दाचा पक्ष त्या शब्दाच्या धातूत नसतो. तो शब्द कोण, कोणासाठी आणि कोणासमोर वापरतो, ह्यात असतो.

तिसरे, मृत्यूचे क्रियापद. दरबारी फारसीत स्वपक्षाचा योद्धा 'शहीद' होतो आणि परपक्षाचा नरकास जातो. ह्या ठरीव पदावल्या आहेत. खाफीखानाने शिवाजीमहाराजांच्या मृत्यूचा सन ज्या शब्दांत गुंफलेला दिला, त्यांचा अर्थही काफराच्या नरकगमनाचाच आहे. मराठी कागदपत्रे ह्या बाबतीत निराळी नाहीत. आपले लोक 'कामास येतात', 'धारातीर्थी पडतात'. शत्रू 'गर्दीस मिळविला' जातो. धर्माची भाषा एका बाजूस अधिक उघड आहे एवढेच. शिवाय मोगल पक्षाची हकीकत लिहिणारे सारे लेखक मुसलमान नव्हते, हेही ध्यानात ठेविले पाहिजे. भीमसेन सक्सेना व ईश्वरदास नागर ह्यांनी आपले ग्रंथ फारसीतच लिहिले. दरबाराची पदावली ही लेखकाच्या श्रद्धेपेक्षा त्याच्या आसनावर अधिक अवलंबून असते.

३

येथवरचे विवेचन शब्दांविषयी झाले. आता तथ्यांकडे पाहिले असता अपेक्षेच्या उलट चित्र दिसते. ज्या खाफीखानाची विशेषणे इतकी कडवट आहेत, त्यानेच शिवाजीमहाराजांच्या सैन्यास मशिदींना, कुराणाला आणि स्त्रियांना उपद्रव न देण्याची सक्त ताकीद होती, हे नमूद करून ठेविले आहे. शत्रूस नरकात धाडणारी लेखणी त्याच शत्रूच्या वर्तनाविषयी इतकी महत्त्वाची साक्ष देते. कठोर विशेषण हे असत्याचे लक्षण नव्हे, ह्याला ह्याहून चांगला पुरावा मिळणे कठीण.

ह्याच्या विरुद्ध टोकाचे उदाहरण संभाजीमहाराजांच्या कैदेविषयीच्या कालश्लेषाचे आहे. अरबी अक्षरांना संख्या मानून त्यांच्या बेरजेने सन दर्शविण्याची जी 'अब्जद' पद्धत आहे, तिच्या आधारे एका फारसी चरणातून हिजरी ११०० हा सन काढण्यात आला. त्या चरणाचा आशय असा, की संभा बायकापोरांसह कैद झाला. त्यात नरक नाही, शिवी नाही. संख्या बिनचूक जुळते. परंतु संगमेश्वर येथे येसूबाई व शाहू कैद झालेच नव्हते. ती दोघे त्याच इसवी सनाच्या उत्तरार्धात रायगड पडला तेव्हा मोगलांच्या हाती लागली. महिन्यांचे अंतर असलेल्या दोन घटना चरणाच्या सोयीसाठी एक झाल्या, आणि विजय अधिक संपूर्ण दिसू लागला. शब्द सौम्य, रचना सुबक, आणि बातमी चुकीची. वाचकाची फसगत करण्याचे सामर्थ्य शिवीपेक्षा अशा सुबकपणात अधिक असते.

मराठी बाजूही ह्या परीक्षेतून सुटत नाही. मल्हार रामराव चिटणिसांच्या बखरीने संभाजीमहाराजांचे जे विपरीत चित्र रंगविले, ते दीर्घकाळ मराठी नाटक-कादंबऱ्यांत वावरत राहिले. ती बखर घटनेनंतर शतकाहून अधिक काळाने लिहिली गेली, आणि बखरकाराचे पूर्वज बाळाजी आवजी ह्यांना संभाजीमहाराजांनी १६८१ मध्ये देहान्त शासन केले होते. वा. सी. बेंद्रे ह्यांनी १९६० साली प्रसिद्ध केलेल्या चरित्रात समकालीन कागदपत्रांच्या आधारे ह्या चित्राची झाडाझडती घेतली. ह्या उलटतपासणीस फारसी साधनांचा उपयोग झाला, हे विशेष. सेतुमाधवराव पगडी ह्यांनी मोगल दरबारची बातमीपत्रे मराठीत आणली, तीही ह्याच दृष्टीने मोलाची ठरतात. शत्रूचा वृत्तलेखक स्वपक्षाच्या बखरकारापेक्षा काही वेळा अधिक उपयोगी साक्षीदार असतो. मात्र त्याची पदावली बाजूस सारून तथ्ये निवडण्याचे कष्ट घेतले पाहिजेत.

४

शब्द आणि तथ्य ह्यांखेरीज तिसरे स्थान मौनाचे. वधानंतर देहाचे काय झाले, अंत्यसंस्कार कोणी केले, ह्याची दरबारी बातमीस पर्वा नव्हती; विजयाची वार्ता वधाशी संपते. ही रिकामी जागा वढूच्या स्मृतीने भरली. गोविंद गोपाळ महार ह्यांनी अंत्यसंस्कार केले अशी एक परंपरा आहे. शिवले घराण्याशी ते कार्य जोडणारी दुसरी. संभाजीमहाराजांच्या समाधीप्रमाणे गोविंद गोपाळांचीही समाधी गावात आहे. २०१७ च्या डिसेंबरअखेर ह्या समाधीपाशी लाविलेल्या फलकातील मजकुरावरून गावात तंटा झाला, आणि १ जानेवारी २०१८ रोजी जवळच्या कोरेगाव भीमा परिसरात हिंसाचार होऊन त्यात एका तरुणाचा प्राण गेला. ह्या घटनांचा परस्परसंबंध काय, हा पुढे चौकशीचा आणि न्यायालयीन वादाचा विषय झाला. तो येथे सोडविण्याचा नाही. भाषेच्या दृष्टीने ध्यानात घ्यावयाचे ते एवढेच, की तीनशे वर्षांपूर्वीच्या युद्धवार्तेने जे सांगितले नाही, त्यावरून आजही माणसे एकमेकांसमोर उभी राहतात.

कोरेगावचा जयस्तंभ ह्याच गोष्टीची दुसरी बाजू दाखवितो. १ जानेवारी १८१८ ची लढाई ब्रिटिशांनी आपल्या विजयाच्या रूपात त्यावर कोरली. तो पक्षाचा लेख आहे ह्यात शंका नाही. पण त्या लेखाने आपल्या मृत शिपायांची नावे दिली, आणि त्यांत अखेरीस 'नाक' असलेली महार शिपायांची नावे आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १ जानेवारी १९२७ रोजी तेथे भेट दिल्यानंतर त्या नावांचे एक नवे वाचन रूढ झाले, ज्याची स्तंभ उभारणाऱ्यांना कल्पनाही नसेल. साम्राज्याच्या विशेषणांना आज कोणी विचारीत नाही. नोंदविलेली नावे मात्र उरली.

५

ही तीन स्थाने, म्हणजे शब्द, तथ्य आणि मौन, घेऊन विसाव्या व एकविसाव्या शतकांतील अरबी वृत्तप्रसारणाकडे वळावे. ३ जानेवारी १९३८ रोजी बी.बी.सी.ने आपली अरबी सेवा सुरू केली. इंग्रजीखेरीज अन्य भाषेतील ती तिची पहिलीच सेवा. पहिल्याच दिवसाच्या बातम्यांत पॅलेस्टाइनमध्ये ब्रिटिश लष्करी न्यायालयाच्या हुकुमाने एका अरबास फाशी दिल्याची वार्ता होती. तिच्यात विशेषण नव्हते, निंदा नव्हती. तरीही, किंबहुना म्हणूनच, अरबस्तानात ती ऐकणारे अस्वस्थ झाले, आणि अशी बातमी द्यावयास नको होती असा सूर ब्रिटिश परराष्ट्र खात्यातही उमटला. वध करणाऱ्या सत्तेनेच वधाची बातमी द्यावयाची, हा वढूचाच प्रसंग होय. फरक इतकाच, की येथे विजयाची भाषा नव्हती; आणि त्या अभावामुळेच कृतीचे उघडे रूप श्रोत्यांस दिसले. ह्या सेवेचे रेडिओ-प्रसारण २०२३ साली बंद झाले. परंतु बातमी निवडावी की सरळ द्यावी, हा पहिल्या दिवशीचा प्रश्न जुना झालेला नाही.

तथ्यांच्या विपर्यासाचे ठळक उदाहरण १९६७ चे. कैरोहून १९५३ पासून प्रक्षेपित होणारे 'सौत अल्-अरब' हे केंद्र साऱ्या अरब जगात ऐकले जाई. ५ जून १९६७ रोजी इजिप्तचे विमानदळ जमिनीवरच नष्ट होत असता ह्या केंद्रावरून शत्रूची विमाने मोठ्या संख्येने पाडल्याच्या घोषणा चालू होत्या. सत्य कळले तेव्हा त्या केंद्राची पत कायमची घटली. पराभवास नाव देतानाही 'हझीमा', म्हणजे सरळ पराभव, हा शब्द टाळून ९ जूनच्या भाषणात अध्यक्ष नासर ह्यांनी 'नक्सा' हा शब्द योजिला. बरा होत आलेला रोग उलटणे, ही त्या धातूची एक अर्थच्छटा. रोग उलटला तरी रोगी जगतो. पराभव मात्र संपतो. खोट्या आकड्यांवर कोणी विश्वास ठेवीनासे झाले. 'नक्सा' हा शब्द मात्र आजही त्या युद्धाचे अरबीतील नाव म्हणून टिकून आहे. असत्यापेक्षा शब्द चिवट असतो.

आजच्या अरबी वृत्तवाहिन्यांवर होणारी मुख्य टीका 'शहीद' ह्या शब्दाभोवती फिरते. दोहा येथून १९९६ पासून चालणाऱ्या अल्-जझीराने पॅलेस्टिनी मृतांस हा शब्द लावण्याचा प्रघात ठेविला. २००३ मध्ये दुबईहून सुरू झालेल्या, सौदी मालकीच्या अल्-अरबियाच्या संपादकांनी 'कतील', म्हणजे मारला गेलेला, ह्या शब्दाकडे कल दाखविला. हा भेद खरा आहे. पण त्याचे मोल ठरविताना व्याकरण पाहावे. 'उस्तुश्हिद' हे क्रियापद कर्मणि रूपाचे आहे. त्यात मृताचा गौरव आहे, परंतु मारणाऱ्यास कर्तृपदाची जागा नाही. तो सांगावयाचा तर स्वतंत्र पदसमूह जोडावा लागतो. 'कुतिल' ह्या तटस्थ मानल्या जाणाऱ्या रूपाचीही तीच गोष्ट आहे. तेव्हा 'शहीद' शब्द टाळला म्हणजे बातमी निष्पक्ष झाली, असे मुळीच नव्हे; मारणारा कोण, हे दोन्ही बाजूंच्या मृतांबाबत सारख्याच स्पष्टतेने सांगितले की नाही, ही खरी कसोटी.

पक्षपात हा अरबी भाषेचा अथवा इस्लामचा गुणधर्म आहे, अशी समजूत ज्यांची असेल त्यांनी २०१५ नंतरचे येमेनचे युद्ध अभ्यासावे. त्यात दोन्ही बाजू अरबी बोलणाऱ्या व मुसलमान आहेत. अल्-अरबिया एका पक्षास 'हूथी मिलिशिया' म्हणते आणि आपल्या पक्षास 'शरइय्या', म्हणजे वैध सत्ता, हे नाव देते. हूथींची अल्-मसीरा वाहिनी सौदी नेतृत्वाखालील युतीस 'उदवान', म्हणजे आक्रमण, ह्याच नावाने ओळखते. जून २०१७ मध्ये कतारला त्या युतीतून वगळण्यात आले. त्यानंतर कतारच्या पैशावर चालणाऱ्या अल्-जझीराच्या भाषेत 'अरब युती'च्या जागी 'सौदी-अमिराती युती' हे नाव रूढ झाले. बॉम्ब तेच, गावे तीच; बदलले ते वृत्तसंस्थेच्या धन्याचे स्थान. खानजमान हा किताब ज्या न्यायाने मिळाला, त्याच न्यायाने ही नावे मिळतात.

'गझ्व' ह्या धातूचा प्रवासही येथे नोंदवण्याजोगा आहे. औरंगजेबाच्या बिरुदांत 'गाझी' हे पद अभिमानाने येते. त्याच धातूचे 'गझ्व' हे नाम आजच्या अरबी वृत्तभाषेत २००३ च्या इराकवरील अमेरिकन चढाईसाठी, निंदेच्या अर्थाने, वापरले जाते. आणि चढाई करणाऱ्यांनी त्याच मोहिमेच्या नावात 'स्वातंत्र्य' हा शब्द घातला होता. चढाई आपण केली तेव्हा जो शब्द बिरुद झाला, तो आपल्यावर चढाई झाली तेव्हा आरोप झाला.

६

ह्या विवेचनास मराठी वाचकाच्या दृष्टीने एक व्यावहारिक बाजू आहे. पश्चिम आशियातील युद्धांची वार्ता मराठी पत्रांत बहुधा इंग्रजी वृत्तसंस्थांच्या द्वारा येते. अरबीतील 'शहीद' इंग्रजीत एक रूप घेतो आणि मराठीत परत 'शहीद' होऊन अवतरतो. परंतु मराठीतील 'शहीद' हा तो शब्द राहिलेला नाही. मराठीत तो सीमेवर पडलेल्या कोणत्याही धर्माच्या जवानास लागतो. साक्ष देण्याच्या मूळ अर्थाशी त्याचा संबंध तुटला आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात गोळीबाराने मेलेल्यांना मराठी भाषेने 'हुतात्मे' म्हटले आणि मुंबईच्या मध्यवर्ती चौकास तेच नाव दिले. यज्ञात आहुती दिल्याचा अर्थ त्या शब्दात आहे, म्हणून ती बातमी खोटी होती असे कोणी म्हणत नाही. अरबी वृत्तनिवेदकास जी मोजपट्टी लावावयाची, ती आधी ह्या चौकास लावून पाहावी.

तात्पर्य, युद्धवार्तेच्या टीकाकाराने विशेषणांची यादी करून थांबू नये. एकाच बातमीपत्रात दोन्ही पक्षांच्या मृतांसाठी कोणते क्रियापद योजले आहे, मारणारा दोन्हीकडे कर्तृपदात आहे की एकीकडेच, सुबक वाक्यात वेगळ्या घटना एकत्र केल्या आहेत काय, आणि वधानंतर बातमी कोठे थांबते, हे त्याने क्रमाने पाहावे. ह्या प्रश्नांसाठी अरबीचे सखोल ज्ञान हवेच असे नाही. अनुवादातूनही त्यांतील बहुतेकांची उत्तरे मिळतात. खाफीखानाची शिवी आणि त्याची साक्ष ह्या दोन्ही एकाच ग्रंथात आहेत. शिवीमुळे साक्ष टाकून दिली असती, तर त्यात नुकसान मराठ्यांच्याच इतिहासाचे झाले असते.